ऑस्ट्रेलियन मानकांनुसार काँक्रीटमधील डी-रीजनची सॉफ्टवेअरने रचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईत बसून ऑस्ट्रेलियातील प्रकल्पांचे काम करणारे, तसेच नोकरीनिमित्त सिडनी-मेलबर्नला गेलेले अनेक मराठी अभियंते याच विषयावर तेच ते प्रश्न पाठवत असतात. त्यांची उत्तरे एका ठिकाणी असावीत म्हणून हे संकलन केले आहे. दाखले एएस ३६००:२०१८ या ऑस्ट्रेलियाच्या काँक्रीट-रचनेच्या मानकाचे आहेत. जेथे वेगळे मानक लागू होते, तेथे तसे म्हटले आहे.

१. डी-रीजन म्हणजे नेमके काय?

तुळईच्या बहुतेक लांबीत आपण असे गृहीत धरतो की वाकण्याआधी सपाट असलेला छेद वाकल्यानंतरही सपाटच राहतो. ज्या भागात हे गृहीतक टिकते त्याला बर्नोलीच्या नावावरून बी-रीजन म्हणतात. जेथे मोठा बिंदुभार येतो, आधार असतो, छेद अचानक बदलतो किंवा तुळईला भोक असते, तेथे हे गृहीतक मोडते. असा विस्कळीत भाग म्हणजे डी-रीजन. सेंट-व्हेनांच्या तत्त्वानुसार हा विस्कळीतपणा साधारण त्या घटकाच्या खोलीइतक्या अंतरात विरून जातो. त्यामुळे ६०० मिमी खोलीच्या तुळईत आधाराच्या दोन्ही बाजूंना सुमारे ६०० मिमी पट्टा डी-रीजन धरावा. कॉर्बेल (कॉलममधून बाहेर काढलेला आखूड आधार), पाइल कॅप (पाइलच्या डोक्यांवरचा जाड ठोकळा) आणि खोल तुळई हे घटक तर संपूर्णच डी-रीजन असतात.

२. ऑस्ट्रेलियात यासाठी कोणते मानक आणि कोणता विभाग उघडायचा?

इमारतींसाठी एएस ३६००:२०१८. त्यातील विभाग ७ स्ट्रट-अँड-टाय पद्धतीचा (दाबाच्या व ताणाच्या वाटांचा आराखडा मांडून सोडवण्याचा) आहे आणि विभाग १२ खोल तुळया, कॉर्बेल, निब, प्रीस्ट्रेसिंगची टोके व बेअरिंगचे पृष्ठभाग यांचा. विभाग १२ कधी लागू होतो हे लांबी आणि खोलीच्या गुणोत्तरावर ठरते. हे गुणोत्तर कँटिलिव्हरसाठी १.५ पेक्षा, साध्या आधारांच्या तुळईसाठी ३ पेक्षा आणि सलग तुळईसाठी ४ पेक्षा कमी असेल, तर तो घटक नेहमीच्या वाकणाऱ्या तुळईसारखा सोडवता येत नाही. पुलांसाठी एएस ५१००.५:२०१७ आहे आणि त्याचे घटक-गुणांक स्वतंत्रपणे तपासावे लागतात. भार व त्यांची जुळणी एएस/एनझेडएस ११७० मालिकेतून घ्यावी. नेहमीची जुळणी १.२ पट स्थिर भार अधिक १.५ पट चल भार अशी असते.

३. हात आयएस ४५६ या भारतीय काँक्रीट-मानकावर बसला आहे. सर्वांत जास्त चुका कोठे होतात?

पहिली आणि सर्वांत महाग चूक काँक्रीटच्या ग्रेडची. आपल्याकडील एम४० म्हणजे १५० मिमी घनाचे ४० मेगापास्कल सामर्थ्य. ऑस्ट्रेलियातील ४० मेगापास्कल हे सिलिंडरचे असते. घनाच्या सुमारे ०.८ पट सिलिंडर धरले, तर एम४० तेथे ३२ च्या जवळ येते आणि तेथील ४० साठी आपल्याकडे एम५० च्या आसपासचे काँक्रीट लागेल. सॉफ्टवेअरच्या रकान्यात नुसता ४० हा आकडा टाकताना ही गोष्ट हमखास निसटते.

दुसरी चूक खोल तुळईच्या व्याख्येची. आयएस ४५६ मध्ये साध्या आधारांसाठी मर्यादा २ आणि सलग तुळईसाठी २.५ आहे. म्हणून २.६ गुणोत्तराची साध्या आधारांची तुळई येथे नेहमीची ठरते, तर एएस ३६०० नुसार ती खोल तुळईच असते. शिवाय आयएस ४५६ मधील खोल तुळईचा नियम मुख्यतः लीव्हर आर्म किती घ्यायचा ते सांगतो. भार आधारापर्यंत कोणत्या वाटेने जातो हा प्रश्न तो आपल्याला विचारत नाही. ऑस्ट्रेलियन मानक तो विचारते.

तिसरा मुद्दा सुरक्षा-गुणांकांचा. आपल्याकडे सामर्थ्यच साहित्याच्या गुणांकाने भागतात, तेथे शेवटी संपूर्ण क्षमतेला फाय या घटत्या गुणांकाने गुणतात. दोन्ही पद्धतींची सरमिसळ केल्यास सुरक्षा एकतर दोनदा मोजली जाते किंवा एकदाही मोजली जात नाही.

४. स्ट्रट, टाय आणि नोड यांच्या क्षमता कशा ठरतात?

स्ट्रट म्हणजे काँक्रीटमधील दाबाची तिरकी वाट. तिची क्षमता फाय × बीटा × ०.९ × एफ'सी × क्षेत्रफळ अशी मोजतात. एफ'सी म्हणजे काँक्रीटचे वैशिष्ट्यपूर्ण सिलिंडर-सामर्थ्य आणि दाबातील काँक्रीटसाठी फाय ०.६५. सरळ, न फुगणाऱ्या स्ट्रटसाठी बीटा १ असतो. मध्ये फुगणाऱ्या बाटलीच्या आकाराच्या स्ट्रटसाठी किंवा पंख्यासारख्या पसरणाऱ्या स्ट्रटसाठी तो १ ÷ (१ + ०.६६ × (कोनाचा कोटॅन्जंट)²) असा काढतात. येथील कोन स्ट्रट आणि टाय यांच्यामधला, आणि बीटा ०.३ ते १ या मर्यादेत ठेवायचा.

टाय म्हणजे सळया. त्यांच्यासाठी फाय ०.८५. नोड म्हणजे स्ट्रट आणि टाय जेथे भेटतात तो सांधा. त्यात फक्त दाबच एकत्र येत असेल तर बीटा १, एक टाय असेल तर ०.८, दोन किंवा अधिक टाय असतील तर ०.६. स्ट्रट आणि टाय यांच्यातील कोन साध्या सळयांच्या टायसाठी ३० अंशांपेक्षा कमी चालत नाही. प्रीस्ट्रेसिंगची केबल टायचे काम करत असेल तर ही मर्यादा २० अंश आहे.

५. एखादे उदाहरण आकड्यांसह दाखवता येईल का?

एक ट्रान्सफर तुळई, म्हणजे वरच्या कॉलमचा भार बाजूच्या आधारांवर नेणारी तुळई, घेऊ. आधारांच्या मध्यांतील अंतर ४ मीटर, खोली २ मीटर, रुंदी ४०० मिमी, काँक्रीट ४० मेगापास्कल. मध्यावर वरून ५०० मिमी रुंद कॉलम येतो आणि गुणित भार ३००० किलोन्यूटन आहे. खालचे आधारही ५०० मिमी रुंद आहेत. खालचा टाय आणि वरचा दाबपट्टा प्रत्येकी ३०० मिमी उंचीचा धरला, तर त्यांच्या मध्यांतील उभे अंतर १७०० मिमी राहते आणि स्ट्रटचा कोन सुमारे ४०.४ अंश येतो.

प्रत्येक आधारावर १५०० किलोन्यूटन येतात, म्हणून टायमध्ये सुमारे १७६५ आणि स्ट्रटमध्ये सुमारे २३१६ किलोन्यूटन बल आहे. टायला ४१५३ चौ. मिमी लोखंड लागते. सात एन२८ (एन वर्गाच्या, २८ मिमी व्यासाच्या) सळया पुरतात. प्रत्यक्षात चार-चारच्या दोन थरांत आठ बसवणे सोपे.

आता स्ट्रट पाहा. बीटा ०.५२३ येतो, म्हणजे प्रतिबलाची मर्यादा १२.२ मेगापास्कल. खालच्या टोकाला स्ट्रटची रुंदी ५५२ मिमी आहे आणि प्रतिबल १०.५ मेगापास्कल, म्हणून तेथे काही अडचण नाही. वरच्या टोकाला मात्र कॉलमची अर्धीच रुंदी प्रत्येक स्ट्रटच्या वाट्याला येते. तेथे स्ट्रट ३९० मिमी उरतो आणि प्रतिबल १४.८ मेगापास्कलपर्यंत चढते, म्हणून तुळई वरच्या टोकाला नापास होते. बहुतेक नवखे अभियंते खालचा नोड तपासून थांबतात, आणि चूक नेमकी वरच्या नोडमध्ये असते. काँक्रीट ५० मेगापास्कलचे केले तर मर्यादा १५.३ होते आणि तुळई ९७ टक्के वापरावर उत्तीर्ण होते. कॉलमच रुंद करता आला तर मला तो उपाय अधिक पसंत आहे, कारण त्याने केवळ कागदावरचे सामर्थ्य वाढत नाही, तर भाराची वाटच मोकळी होते.

६. स्ट्रटची क्षमता पुरली, तरी आडव्या-उभ्या सळयांची जाळी का लागते?

बाटलीच्या आकाराचा स्ट्रट मध्ये फुगतो आणि फुगताना स्वतःच्या लांबीला आडवा ताण निर्माण करतो. मानकानुसार हा फोडणारा ताण स्ट्रटचे बल × फुगण्याच्या कोनाचा टॅन इतका. सामर्थ्य तपासताना हा टॅन १/२ आणि सेवास्थितीत, म्हणजे रोजच्या वापरातील भाराखाली, १/५. हे बल काँक्रीट तडकवणाऱ्या बलाच्या निम्म्याहून अधिक असेल तर आडवे लोखंड द्यावेच लागते.

प्रश्न ५ मधील तुळई ५० मेगापास्कलची धरली तर फोडणारे बल ११५८ किलोन्यूटन येते. तडकवणारे बल सुमारे १५९० आहे, म्हणजे त्याचे निम्मे सुमारे ७९५. म्हणून जाळी अटळ आहे. दोन्ही बाजूंना, उभ्या-आडव्या दिशेने २०० मिमी अंतरावर एन१२ दिल्यास ती थोडक्यात कमी पडते. एन१६ निवांत पुरते. प्रत्येक सळीचा हिस्सा मोजताना तिच्या आणि स्ट्रटच्या मधल्या कोनाच्या साइनने गुणायला विसरू नये. सेवास्थितीत सळयांतील प्रतिबल भेगांवर किती कडक नियंत्रण हवे त्यावर ठरते: कडक नियंत्रणासाठी १५०, मध्यमसाठी २०० आणि सौम्यसाठी २५० मेगापास्कल.

७. यासाठी कोणकोणत्या प्रकारची सॉफ्टवेअर वापरतात?

ढोबळमानाने तीन प्रकार. पहिल्यात आपण स्ट्रट-टायचा आराखडा स्वतः काढतो आणि सॉफ्टवेअर फक्त समतोल व क्षमता तपासते. हे काम चांगल्या स्प्रेडशीटनेही होते. दुसरा प्रकार म्हणजे रेषीय फायनाइट एलिमेंट, ज्यात घटक बारीक तुकड्यांच्या जाळीत विभागून सोडवतात. सिडनीत तयार होणारे स्ट्रँड७ याच कामासाठी तेथील कार्यालयांत सर्रास दिसते. तिसरा प्रकार अरेषीय: काँक्रीट तडकते, ताणात जवळजवळ काहीच वाहत नाही आणि आडव्या विकृतीमुळे दाबातही मऊ पडते, हे तो प्रत्येक बिंदूवर मोजतो. टोरोंटो विद्यापीठातील व्हेक्टर, प्राग येथील अटेना आणि चेक प्रजासत्ताकातील आयडिया स्टॅटिका डिटेल ही त्याची उदाहरणे. यांपैकी शेवटच्या सॉफ्टवेअरमागील सुसंगत प्रतिबल-क्षेत्र पद्धत झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठासोबत विकसित झाली आहे.

८. अरेषीय विश्लेषण वापरले, तर विभाग ७ चे गुणांक लावायचे की नाही?

येथे घाई करू नये. एएस ३६०० मध्ये स्ट्रट-अँड-टायची सुरक्षा-तपासणी आणि अरेषीय प्रतिबल-विश्लेषणाची तपासणी अशा दोन वेगळ्या तरतुदी आहेत. पहिलीत वैशिष्ट्यपूर्ण सामर्थ्य वापरून प्रत्येक घटकाला फाय लावतात. दुसरीत साहित्याची सरासरी मूल्ये वापरून संपूर्ण रचनेच्या क्षमतेला एकच प्रणाली-गुणांक लावतात. सॉफ्टवेअरने आतच घटलेली मूल्ये वापरली असतील आणि आपण बाहेरून पुन्हा प्रणाली-गुणांक लावला, तर रचना विनाकारण जड होते. याउलट सरासरी मूल्ये वापरून फाय लावायचे राहून गेले, तर ती धोकादायक होते. म्हणून सॉफ्टवेअर कोणत्या पद्धतीचे गुणांक कोठे लावते, हे त्याच्या सैद्धांतिक पुस्तिकेतून एकदा शोधून आपल्या गणनेच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

९. सॉफ्टवेअर सगळे हिरवे दाखवते. मग ड्रॉइंग परत का येते?

बहुतेक वेळा अँकरेजमुळे. टायचे बल नोडपर्यंत पोहोचते, पण सळी त्या नोडमध्ये पकडली गेली आहे का हे वेगळे पाहावे लागते. मानकानुसार सळीच्या विकास-लांबीचा (पूर्ण ताण पेलण्यासाठी काँक्रीटमध्ये रुतावी लागणाऱ्या लांबीचा) किमान ५० टक्के भाग नोडच्या पलीकडे गेला पाहिजे. किंवा वेल्डिंगचे वा यांत्रिक अँकरेज पूर्णपणे नोडच्या पलीकडे असले पाहिजे.

प्रश्न ५ मधील एन२८ सळीची ५० मेगापास्कल काँक्रीटमधील विकास-लांबी, कव्हरचा फायदा न घेता, सुमारे ९५० मिमी येते. म्हणजे नोडनंतर सुमारे ४७५ मिमी सरळ सळी हवी. आधार ५०० मिमीचा असेल आणि तुळई त्याच्या बाहेरच्या कडेला संपत असेल, तर एवढी जागाच नसते. मग हुक, हेडेड बार किंवा तुळई आधाराच्या पुढे काढणे, यांपैकी काहीतरी करावे लागते. आमच्याकडे परत आलेल्या एका ड्रॉइंगवर तपासनिसाने लाल शाईने एकच प्रश्न लिहिला होता: ही सळी कशाला धरून आहे? सळी कॉलमच्या मध्यरेषेवर संपत होती आणि मॉडेलमध्ये तिचे टोक पूर्ण अँकर मानले होते. सॉफ्टवेअरमध्ये अँकरेजचा पर्याय आपणच निवडलेला असतो. तो साइटवर बसतो का हे त्याला कळत नाही.

१०. रेषीय फायनाइट एलिमेंटमधील रंगीत नकाशे पुरेसे नाहीत का?

भाराची वाट ओळखायला ते उत्तम आहेत. लोखंड मोजायला सावधपणे वापरावेत. आतल्या टोकदार कोपऱ्यात विश्लेषणाची जाळी (सळयांची नव्हे) जितकी बारीक कराल तितके प्रतिबल वाढतच जाते, म्हणून शिखराचा आकडा निरर्थक असतो. ठरावीक रुंदीवरचे एकूण बल घ्यावे. याउलट जाळी जाड ठेवली तर खरे बलच हरवते. नॉर्वेतील स्लाइप्नर ए या तेल-मंचाचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी चाचणीदरम्यान बुडाला. तेथे पेशींच्या भिंती जुळतात त्या तिकोनी भागात जाड जाळीमुळे कातरबल सुमारे ४७ टक्के कमी मोजले गेले होते आणि त्याच जागी टी-आकाराच्या डोक्याच्या सळया आखूड पडल्या होत्या. सॉफ्टवेअरचा दोष आणि डिटेलिंगचा दोष एकाच डी-रीजनमध्ये एकत्र आले.

११. एकाच तुळईसाठी दोन अभियंत्यांचे आराखडे वेगळे निघतात. बरोबर कोणाचा?

दोन्ही असू शकतात. ही पद्धत प्लास्टिसिटीच्या खालच्या मर्यादेच्या प्रमेयावर उभी आहे: समतोल साधणारा आणि कोठेही क्षमता न ओलांडणारा कोणताही आराखडा सुरक्षित बाजूला असतो. परंतु त्यासाठी घटकाला बल फिरवून घेण्याइतकी तन्यता हवी. एएस/एनझेडएस ४६७१ मधील एन वर्गाच्या सळ्यांची एकसमान वाढ किमान ५ टक्के असते, एल वर्गाच्या जाळीची फक्त १.५ टक्के. म्हणून मुख्य टायसाठी एल वर्गाची जाळी वापरण्याचा मोह टाळावा. दोन आराखड्यांतून निवड करायची असेल, तर ज्यात टाय कमी आणि आखूड आहेत व जो रेषीय नकाशातील वाटेजवळ आहे तो घ्यावा. काँक्रीटला भेगा पडण्याआधी ज्या वाटेची सवय असते, तीच वाट त्याला पुढेही सोपी जाते.

१२. कॉर्बेल आणि अर्ध्या जोडांसाठी वेगळे काही आहे का?

कॉर्बेलसाठी एएस ३६०० आणखी काही अटी घालते. बेअरिंगच्या बाहेरच्या कडेला असलेली खोली कॉलमच्या तोंडाजवळील खोलीच्या निम्म्याहून कमी नसावी. मुख्य सळीचे मोकळे टोक वेल्डिंगने, यांत्रिक अँकरेजने किंवा लूपने पकडावे, आणि लूप केल्यास भाराची जागा सळीच्या सरळ भागाच्या पुढे जाऊ नये. तुळईच्या हालचालीमुळे येणारे आडवे बलही धरावे लागते. ते उभ्या भाराच्या २० टक्क्यांहून कमी घेता येत नाही. हे आडवे बल मॉडेलमध्ये घालायचे राहून जाणे फार सामान्य आहे.

अर्धा जोड, म्हणजे टोकाला खाच पाडलेली तुळई, त्याहून नाजूक. तेथे खाचेच्या मागे उभ्या टांगणाऱ्या सळया भार वर उचलतात आणि वरच्या आडव्या सळ्यांत देतात. कॅनडातील लाव्हाल येथील द ला कॉन्कॉर्ड ओव्हरपास ३० सप्टेंबर २००६ रोजी कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला. त्या चौकशीत याच भागातील टांगणाऱ्या सळया नीट जागेवर नव्हत्या आणि वरच्या मुख्य सळयांना धरून नव्हत्या, असे आढळले. सॉफ्टवेअरमध्ये दोन सळया एका बिंदूत भेटतात. साइटवर त्यांच्यात ५० मिमी अंतर असू शकते आणि तेवढ्यात एक तिरकी भेग निघून जाते.

१३. ऑस्ट्रेलियातच डी-रीजनमुळे काही घडले आहे का?

सिडनी ऑलिम्पिक पार्कमधील ३६ मजली ओपल टॉवर हे सर्वांत परिचित उदाहरण. २४ डिसेंबर २०१८ रोजी मोठा आवाज होऊन काँक्रीट तडकले आणि रहिवाशांना बाहेर काढावे लागले. न्यू साउथ वेल्स सरकारने नेमलेल्या प्राध्यापकांचा अंतिम अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये आला. प्रीकास्ट भिंती ज्या बुटक्या हॉब-तुळयांवर टेकल्या होत्या, त्या काही जागी एएस ३६०० च्या निकषांपेक्षा कमकुवत होत्या, असे त्यात नमूद आहे. भिंत आणि तुळई यांच्यामधील जोडात ग्राउट पूर्ण रुंदीवर भरला नसल्याने दाब एका बाजूला एकवटला, हेही एक कारण होते. बेअरिंगची रुंदी ड्रॉइंगप्रमाणे मिळणार नाही अशी शंका असेल, तर मॉडेलमध्ये ती मुद्दाम कमी करून, म्हणजे ग्राउट अर्धवट आहे असे धरून, एकदा तपासणी करावी.

१४. पाइल कॅप द्विमितीय सॉफ्टवेअरमध्ये सोडवता येते का?

दोन पाइलची कॅप सोडवता येते. चार पाइलच्या कॅपमध्ये स्ट्रट त्रिमितीत तिरके जातात, म्हणून कोन कर्णाच्या प्रतलात मोजावा आणि टाय दोन्ही दिशांना पाइलवरून न्यावेत. सळया पाइलच्या पट्ट्यात एकवटाव्यात, संपूर्ण रुंदीत सारख्या पसरू नयेत. क्षमतांचे नियम प्रश्न ४ प्रमाणेच.

१५. फाइल २००९ च्या मानकाने केली होती. आता जुळवून घ्यायची तर काय बदलते?

सर्वप्रथम गुणांक. २००९ च्या आवृत्तीत स्ट्रट-अँड-टायमध्ये काँक्रीटसाठी फाय ०.६ आणि सळ्यांसाठी ०.८ होता, २०१८ मध्ये ते ०.६५ आणि ०.८५ झाले. अशा वेळी जुनी रचना नव्या मानकाने सहसा थोडी सैल वाटते आणि लोखंड कमी करण्याचा मोह होतो. मात्र मानकाची आवृत्ती बदलल्याने तिचे अँकरेज, बेअरिंग आणि फोडणाऱ्या ताणाचे लोखंड आपोआप तपासले जात नाही. फाइल उघडून मानकाची निवड बदलण्याऐवजी आराखडा पुन्हा मांडून प्रश्न ६ आणि ९ मधील तपासण्या नव्याने कराव्यात. सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरत असाल, तर तिच्यात फायचे कोणते मूल्य आतच बसवले आहे ते एका हाताने सोडवता येणाऱ्या तुळईवर, उदाहरणार्थ प्रश्न ५ मधील तुळईवर, पडताळून पाहावे. ५० मेगापास्कलच्या त्या तुळईत वरच्या टोकाला ९७ टक्क्यांऐवजी सुमारे १०५ टक्के वापर दिसला, तर आत अजून ०.६ आहे असे समजावे.